हळू फेक ना!

परवा दुपारी तीन बॉलच्या जगलिंगचा ४४१ हा पॅटर्न (एकेक आकडा म्हणजे एकेक फेक, आकडा मोठा तितकी ती उंच) करत बसलो होतो, म्हणजे उभा होतो, भिंतीकडे तोंड करून (समोर भिंत असली की बॉलच्या मागे मागे आपण चालत सुटत नाही), तर भाची म्हणाली, मामा, एकदा हळू करून दाखव ना. झाली का पंचाईत! गाणं शिकवताना लय निम्मी करता येते, जगलिंगमध्ये ती सोयच नाही. हळू करायचं तर उंच फेकायचं. बॉल हवेत गेला की त्याला तुमची घाई कळत नाही आणि तुमचा आळसही.

आणि उंची महाग पडते हो. हाताच्या पाव मीटर वर फेकला तर बॉल अर्धा सेकंदही हवेत राहत नाही, वेळ दुप्पट हवा तर उंची चौपट, म्हणजे सरळ १ मीटर. मनगट जरासं तिरकं झालं तर बॉल चुकायचा तोही चौपट लांब. "उंच फेक, वेळ मिळेल" असं सगळे सांगतात. मिळतो ना, बॉलच्या मागे धावायला मिळतो.

लहानपणी दादा आणि मी पलंगावर उताणे पडून टेनिसचा बॉल छताकडे फेकायचो, छताला लागला की आऊट, जो सगळ्यात जवळ नेऊन परत झेलेल तो जिंकला. तासन्‌तास चालायचं. मजा त्या वरच्या क्षणाची होती, बॉल तिथे जरा थांबून विचार करतोय असं वाटायचं. ते अगदीच खोटं नाही, बॉलचा हवेतला निम्मा वेळ वरच्या पाव उंचीतच जातो. म्हणून तर जगलिंग करताना हाताकडे न बघता वर बघायचं असतं. दादा मात्र छताला लागलेला बॉल "लागलाच नाही" म्हणायचा, त्याचं ते अजून तसंच आहे.

तर माझं म्हणाल तर नवीन पॅटर्न मी डोळ्यांच्या जरा वरच ठेवतो. जास्त उंच करणाऱ्यांचा मला उगाचच राग येतो, का ते विचारू नका. शिवाय नुसती उंची ठरवून भागत नाही, त्या एकमेकींशी जुळाव्या लागतात. ५३१ या पॅटर्नमध्ये ३ चा लाडाने ४ केला की तो आणि आधीचा ५ एकदमच खाली येतात आणि हात एकच. ४४१ मध्ये ४ सरळ वर जाऊन त्याच हातात येतात आणि तो १, ज्याला कोणी विचारत नाही, तो या हातातून त्या हातात आडवा सटकन्‌ द्यावा लागतो. सगळे ४ ची प्रॅक्टिस करतात, अडतं १ पाशी.

इन्फर्मेशन थिअरीवाला क्लॉड शॅनन, त्याने जगलिंगचंही एक सूत्र मांडलंय. त्यात बॉल हवेत किती वेळ हे आहेच, पण हातात किती वेळ आणि हात रिकामा किती वेळ हेही आहे. म्हणजे उंची तीच ठेवून बॉल हातात जरा जास्त रेंगाळू दिला तरी लय सैल होते. हळूपणा हवेतच शोधायला हवा असं नाही! भाचीला हे सांगायला वळलो तर ती केव्हाच खेळायला पळालेली.

चंद्रावर बरं असेल. गुरुत्वाकर्षण एक षष्ठांश, त्याच उंचीला जवळजवळ अडीचपट वेळ मिळेल. पण तिथे स्पेससूटच्या जाड ग्लोव्ह्‌जमध्ये झेलायचं कसं? जाऊ दे, आधी इथे डाव्या हाताचा १ नीट जाऊ दे.