भांडवल किती लागलं?

घरं आणि ऑफिसं साफ करून द्यायचा व्यवसाय आहे म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "ताई, भांडवल किती लागलं?" बचत गटातल्या बायका विचारतात, नोकरी गेलेली मुलं विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

सामानाला फार लागत नाही. बादल्या, मायक्रोफायबरची फडकी, लांब दांड्याचे ब्रश, वायपर, स्क्रॅपर आणि त्याची पाती, रबरी हातमोजे, गॉगल, आणि न डगमगणारी घडीची शिडी. शिडीत काटकसर करू नका, तिच्यावर माणूस चढणार असतो. फरशी घासायचं मशीन सुरुवातीला भाड्याने आणा. छोट्या धंद्यांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी ऑनलाइन फुकट होते, त्यासाठी एजंट लागत नाही. वीसपेक्षा कमी माणसं कामाला असली तर २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली ऑनलाइन सूचना दिली की पुरे. सेवेच्या धंद्याला जीएसटीची नोंदणी वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की लागते.

घर पाहिल्याशिवाय दर मात्र सांगू नका. पुण्यात वाकड-वाघोलीकडे बऱ्याच सोसायट्यांना टँकरचं, बोअरचं पाणी. ते इतकं जड, म्हणजे क्षारांचं, असतं की बाथरूमची काच वर्षभरात पांढरी पडते. दोन फ्लॅट सारख्याच मापाचे, पण एकाची काच अर्ध्या तासात स्वच्छ होते आणि दुसरीला दुपार जाते. सायट्रिक अ‍ॅसिड, किराणा दुकानात लिंबूफूल म्हणून मिळतं ते, गरम पाण्यात विरघळवायचं, टिश्यू पेपर त्यात भिजवून काचेवर चिकटवायचे आणि थांबायचं. हे थांबणंच नव्या मुलींना शिकवावं लागतं. त्या लगेच घासायला घेतात. कागद सुकत आले की वरून पुन्हा ओलं करायचं. मग पातं आडवं धरून ओढलं की क्षार पिठासारखा निघतो. पण खाली मार्बल, कोटा किंवा शहाबादी असेल तर तिथे थेंबही सांडता कामा नये. हे चुन्याचे दगड, अ‍ॅसिडने त्यांची चकाकी जाते ती पुन्हा पॉलिश केल्याशिवाय येत नाही. टॉयलेटचं अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र तर कधीच नाही. क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जीवावर बेततो. माझ्याकडे या दोन बाटल्या एका पिशवीतसुद्धा ठेवत नाहीत.

काम वर्षभर असतं का, असंही विचारतात. घटस्थापनेच्या आधीपासून दिवाळीपर्यंत फोन उचलायला फुरसत नसते, ते सगळ्यांना माहीत आहे. पण धंदा टिकतो भाड्याच्या घरांवर. करार अकरा महिन्यांचे, त्यामुळे कुठला ना कुठला फ्लॅट सतत रिकामा होत असतो. आधी आपल्या भागातल्या दोन-तीन ब्रोकरांशी ओळख करा, पत्रकं नंतर छापा.

आता भांडवलाचं. हे ब्रोकर पैसे महिनाअखेरीला देतात, कधी त्याच्याही पुढे. घरमालकीण म्हणते, "हे घरी आले की पाठवते." आणि आपल्याबरोबर दिवसभर शिडीवर उभ्या राहिलेल्या बाईला त्याच संध्याकाळी जाता जाता भाजी घ्यायची असते, मुलाची फी राहिलेली असते. तिची मजुरी गिऱ्हाइकाच्या सवडीवर ठेवायची नाही. म्हणून जितक्या बायका घेऊन सुरुवात कराल त्यांची महिनाभराची मजुरी आधी बाजूला काढा, आणि अडीअडचणीच्या उचलीसाठी थोडे वर. सामानाच्या कितीतरी पट रक्कम होते ती. तेवढी जमत नसेल तर एकीलाच सोबत घेऊन सुरू करा, पण तिचे पैसे त्याच दिवशी द्या.

या पैशाचा दुसराही उपयोग आहे: त्यामुळे काम नाकारता येतं. सहा-सात तासांचं काम, घरात दोन-तीन बाथरूम, ती आम्हीच घासून लख्ख करणार, आणि बाईने टॉयलेटला जाऊ का विचारलं की उत्तर येतं, खाली वॉचमनकडे जा. एका सोसायटीत तर सामान घेऊन आठ मजले जिना चढायला सांगितलं, कारण लिफ्ट रहिवाशांची. मला याचा संताप येतो आणि तो कमी व्हावा असं वाटतही नाही. दर सांगतानाच मी विचारते: बायकांना टॉयलेट वापरता येईल ना, लिफ्ट मिळेल ना, जेवायला पंख्याखाली बसता येईल ना? बहुतेक जण लगेच हो म्हणतात, काहींना तर हे विचारावं लागतं याचंच वाईट वाटतं. जे आढेवेढे घेतात, त्यांचं काम घेत नाही. त्या दिवशी दुसरं काम मिळालं नाही तरी बायकांची हजेरी भरते, त्या बाजूला काढलेल्या पैशातून.