येझदीवर तोरणमाळ, आणि ऑइलचं गणित

धुळ्याहून तोरणमाळ, जाऊन-येऊन साधारण तीनशे किलोमीटर, जानेवारीतला शनिवार-रविवार. गाड्या दोन, दोन्ही टू-स्ट्रोक, म्हणजे इंजिनाचं ऑइल पेट्रोलबरोबरच आत जाऊन जळतं. माझी मामांकडून आलेली येझदी रोडकिंग आणि आप्पाची आरएक्स १००. यशवंत तलावाचे आणि सीताखाईचे फोटो कुठेही मिळतील, मी लिहितोय ते ऑइलबद्दल, कारण निघण्याआधी दहा जणांना विचारलं तर दहा आकडे मिळाले आणि जी गोष्ट खरी सांगायला हवी होती ती एकानेही सांगितली नाही.

सुरुवातच चुकली. आदल्या रात्री टाकी भरून आणली, मग घरी येऊन वरून बाटलीने ऑइल ओतलं, गाडी दोनदा हलवली आणि झोपलो. टाकीखालचा पेट्रोलचा कॉक चालू राहिला होता. सकाळी साडेपाचला धुळ्याची थंडी, वीसेक किका मारल्या, गाडी ढिम्म. आप्पा शेजारी आरएक्स घुमवत उभा. प्लग काढला तर ओला काळा, ऑइल थेंब थेंब गळतंय. टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकचं ऑइल पेट्रोलपेक्षा जड असतं, थंडीत तर आणखी घट्ट, ते न मिसळता सरळ तळाला जाऊन बसतं आणि कॉक तळालाच असतो, म्हणजे कार्बोरेटरला पहिला घास निव्वळ ऑइलचा. आप्पा म्हणाला, "तेल जास्ती व्हयी गयं भो." जास्त नव्हतं झालं, एका जागी झालं होतं. प्लग बदलला, कार्बोरेटरचा बाऊल रिकामा केला, पाऊण तास गेला.

तर कृती अशी ठेवा. लिटरभराच्या पेट्रोलला चालणाऱ्या बाटलीत अर्धं पेट्रोल घ्या, सगळं ऑइल त्यात टाका, झाकण लावून चांगलं घुसळा, ते आधी टाकीत आणि वरून पंपाची धार. धारेनेच बाकीचं मिसळतं. टू-टी ऑइलला हिरवा, निळा, लाल असा रंग मुद्दाम दिलेला असतो, बाटलीत सगळीकडे सारखा रंग दिसला की झालं. आणि पंपावर "पाचशेचं टाक" म्हणू नका, "पाच लिटर टाक" म्हणा, नाहीतर रुपयांवरून लिटर आणि लिटरवरून मिली काढत मागच्या रिक्षावाल्याच्या शिव्या खाव्या लागतात.

माप किती? १:५० म्हणजे लिटरला २० मिली, १:३३ म्हणजे ३०, १:२५ म्हणजे ४०. जुने लोक येझदीला ४०-५० मिली सांगतात, ते त्या काळच्या साध्या मिनरल ऑइलच्या हिशोबाने बरोबरच होतं. मी आता जासो (ऑइलचं जपानी मानक) एफडी दर्जाचं सेमी-सिंथेटिक वापरतो आणि ३० मिली टाकतो, माझ्या गाडीला ते मानवलंय. डब्यावर जासो एफसी किंवा एफडी लिहिलेलं बघा, एफसीपासून पुढे धूर कमी असतो आणि एफडीत कार्बन कमी साचतो. टीसी-डब्ल्यू ३ लिहिलेलं ऑइल कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका, ते बोटीच्या पाण्याने गार होणाऱ्या इंजिनाचं, आपलं इंजिन वाऱ्यावर गार होतं.

चिमठाणे, दोंडाईचा, मग सारंगखेड्याला तापीचा पूल. दत्तजयंतीची घोड्यांची यात्रा होऊन गेली होती म्हणून रस्ता मोकळा मिळाला, यात्रेच्या दिवसांत जाणार असाल तर इथे तास-दोन तास धरूनच चला. दोंडाईच्याला चहावर एका काकांनी येझदी बघून गाडी थांबवली आणि प्रेमाने सांगितलं की घाट चढायचाय ना, मग ऑइल थोडं जास्तच टाका, इंजिनाला कधी त्रास होत नाही. हे सगळेच सांगतात. पण कार्बोरेटरच्या जेटमधून, म्हणजे बारीक भोकातून जाणारं पातळ तेवढंच राहतं, त्यात ऑइल वाढलं म्हणजे पेट्रोल कमी झालं, म्हणजे मिश्रण उलट लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) होतं आणि इंजिन जास्त तापतं, वर सायलेन्सर कार्बनने चोंदतो तो वेगळाच. मी मान डोलावली आणि चहाचे पैसे दिले. काकांशी कोण वाद घालणार.

शहाद्याला शेवभाजी-भाकरी खाल्ली आणि टाक्या फुल केल्या, तुम्हीही इथेच करा, वर मिळेल या भरवशावर जाऊ नका. माझी ऑइलची बाटली डिकीत सांडली होती म्हणून एका दुकानात टू-टी मागितलं तर त्याने फोर-टी वीस-चाळीसचा, म्हणजे फोर-स्ट्रोक गाडीच्या ऑइलचा डबा पुढे केला, "तेच आहे दादा, सगळे हेच नेतात." तेच नाहीये. फोर-टी इंजिनाच्या तळातल्या चेंबरमध्ये राहण्यासाठी बनवलेलं असतं, जळण्यासाठी नाही, जळलं की त्यातल्या धातूच्या ॲडिटिव्हची राख प्लगवर आणि पिस्टनवर बसते. पुढच्या शेतीऔषधांच्या दुकानात टू-टी मिळालं, कारण इकडे पपई-केळीवाल्यांचे फवारणीचे पंप टू-स्ट्रोकवरच चालतात. खेडेगावात अडलात तर गॅरेजआधी हे दुकान शोधा.

म्हसावदनंतर सातपुडा दिसायला लागतो, पुढे घाट. चढताना काही झालं नाही, थ्रॉटल उघडा असतो, पेट्रोल भरपूर जातं आणि त्याच्याबरोबर ऑइलही. वर साडेअकराशे मीटरच्या आसपास उंची, रात्री शेकोटीशिवाय बसवत नाही.

घोळ झाला तो उतरताना. मी शहाण्यासारखा सेकंड गिअर टाकून, थ्रॉटल पूर्ण बंद करून इंजिन ब्रेकिंगवर उतरत होतो, फोर-स्ट्रोकवर आपण करतो तसंच. चार-पाच वळणं झाली आणि इंजिनातून किंचित किर्र असा आवाज, मागचं चाक क्षणभर घासलं. हात आपोआप क्लचवर गेला म्हणून वाचलो. बाजूला घेतली, अर्धा तास गार होऊ दिली, मग किक फिरली.

पिस्टन ऑइलविना अडकायला लागला होता, आणि कारण साधं आहे. प्रीमिक्स गाडीत, म्हणजे टाकीतच ऑइल मिसळायच्या माझ्यासारख्या गाडीत, ऑइल पेट्रोलबरोबरच येतं. थ्रॉटल बंद म्हणजे पेट्रोल नुसतं आयडलपुरतं, पण चाकं इंजिनाला तीन-चार हजारांवर फिरवत असतात. तुम्ही ५० मिली टाका नाहीतर १००, आतच जात नसेल तर काय उपयोग. आप्पाच्या आरएक्सला वेगळी ऑइल टाकी आणि पंप आहे, तो इंजिनाच्या वेगाबरोबर फिरतो आणि थ्रॉटल बंद असतानाही थोडं ऑइल सोडत राहतो, म्हणून तो निवांत खाली जाऊन माझी वाट बघत बिडी ओढत बसला होता. आरएक्सवाले पंप काढून टाकीतच ऑइल टाकायची फॅशन करतात, त्यांनी घाटात जायच्या आधी याचा विचार करा. पंप ठेवा, त्याच्या केबलची खूण जुळवून घ्या आणि नळीत हवेचा बुडबुडा राहिलेला नाही हे बघा.

उरलेला घाट मी असा उतरलो: दर पंधरा-वीस सेकंदांनी क्लच दाबायचा, एकदा थ्रॉटल चांगला पिळायचा, परत क्लच सोडायचा. बाकी वेग ब्रेकवर, आणि येझदीचे ड्रम ब्रेक तापतात म्हणून मध्ये दोन वेळा थांबलो. न्यूट्रलवर मात्र उतरू नका.

अजून एक. आता पंपावर ई-२० पेट्रोल मिळतं, त्यातलं इथेनॉल पाणी ओढून घेतं. टाकीत पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी खाली बसतं आणि ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं, कॉकमधून आधी जातं ते बिनऑइलचं. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी असेल तर टाकी रिकामी करून नवं पेट्रोल भरा, मिक्स करून ठेवलेलं तर अजिबात वापरू नका.

घरी आल्यावर बॅरल, म्हणजे सिलिंडर उघडला. पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूला दोन ओरखडे, नखाला लागतील न लागतील एवढे. बारीक पॉलिश पेपरने घासून तोच पिस्टन परत टाकला. बदलावी लागली ती सिरिंज, जनावरांच्या इंजेक्शनची ५० मिलीची, ऑइल मोजायला. पेट्रोलच्या हातांनी तिच्यावरचे आकडे पुसले गेले होते. नवीवर ब्लेडने खुणा करून घेतल्यात.