बारा नंबरची बस आणि ओटिस रश

शिकागोजवळच्या नेपरव्हिलला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीने फ्रिजवर चुंबकाखाली एक यादी अडकवून ठेवली होती. 'बीन' नावाचं आरशासारखं शिल्प, विलिस टॉवर, नदीतली बोट, विवेकानंदांचं आर्ट इन्स्टिट्यूट आणि शेवटी डेव्हॉन अव्हेन्यूवर जेवण. भारतातून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला हीच यादी लागू.

"ताई, मला बारा नंबरच्या बसने फिरायचंय," मी म्हटलं.

"ती कुठे जाते?"

"रूझवेल्ट रोडने पश्चिमेला."

"तिकडे काय आहे बघण्यासारखं?" जिजूंनी विचारलं. वीस वर्षं इथे राहून ते त्या बसमध्ये एकदाही बसले नव्हते. मी म्हटलं, काही नाही. ते खरंही होतं.

ओटिस रश हा शिकागोचा ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत) गायक-गिटारवादक. त्याचं गाणं मला पुण्याच्या हॉस्टेलमध्ये भेटलं, त्याचं नाव माहीत नसताना. रूममेटच्या सीडीवर लेड झेपेलिन या इंग्लिश रॉक बँडचं एक संथ, रडवेलं गाणं होतं, 'आय कान्ट क्विट यू बेबी'. पुढे कितीतरी वर्षांनी कळलं की हे गाणं विली डिक्सनने ओटिस रशसाठी लिहिलं आणि त्याने ते 1956 साली, म्हणजे झेपेलिनच्या तेरा वर्षं आधी, शिकागोत रेकॉर्ड केलं होतं. ते ऐकलं आणि आमची सीडी एकदम फिकी वाटायला लागली. पहिल्याच ओळीत त्याचा आवाज असा फाटून वर जातो, की हा माणूस आता गाणं अर्धवट टाकून उठून जाईल असं वाटतं. तेव्हा तो जेमतेम विशी ओलांडलेला पोरगा होता.

मला त्याच्यापाशी धरून ठेवलं ते मात्र गिटारने. माझं लहानपण मिरजेचं. सतारमेकर गल्लीत भोपळे वाळत पडलेले बघत शाळेत जायचे आणि चार वर्षं सतार शिकून बोटांना घट्टे पाडून घेतले. सतारीत मींड घेताना, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाताना, बाजाची तार पडद्यावर दाबून खाली ओढतात. गिटारवाले सहसा उलटं करतात, पातळ तार वर ढकलतात. ओटिस डावखुरा होता. उजव्या हाताची गिटार त्याने सरळ उलटी धरली आणि तारांचा क्रम बदललाच नाही. (जिमी हेंड्रिक्सही डावखुरा, पण तो तारा काढून पुन्हा लावायचा.) त्यामुळे ओटिसच्या गिटारवर जाड तार तळाला आणि पातळ तारा वर, हनुवटीच्या बाजूला. त्यांना वाकवायचं तर खाली ओढायचं. जुन्या चित्रफितींमध्ये त्याच्या हातात गिब्सनची चेरी रंगाची गिटार दिसते. बोट तारेवर बसतं आणि अख्खा हात हळूच खाली ओढला जातो. सूर चढतो, वर पोचल्यावर थरथरतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी मोठ्याने म्हटलं, "अरे, ही तर मींड!" नवऱ्याने स्वयंपाकघरातून विचारलं, काय सांडलं?

तर जूनमधल्या एका शुक्रवारी सकाळी मेट्रा लोकलने युनियन स्टेशनला उतरले. यादीचा मान राखायला आधी आर्ट इन्स्टिट्यूट केलं. 1893 मध्ये विवेकानंद ज्या हॉलमध्ये बोलले तो तात्पुरता होता, पुढे पाडला. इमारत तीच आहे आणि आठवणीची पाटी आहे. तिला नमस्कार करून मिशिगन अव्हेन्यूने दक्षिणेला चालायला लागले. उजवीकडे हॉटेलं, डावीकडे ग्रँट पार्क आणि तळ्यावरून येणारा वारा. जूनमध्ये स्वेटर लागतो हे ताईने सांगितलं होतं, मी ऐकलं नव्हतं.

पार्क जिथे संपतो तिथे, मिशिगन आणि रूझवेल्टच्या कोपऱ्यावर, लोखंडाची 106 माणसं उभी आहेत. प्रत्येकी जवळपास नऊ फूट उंच, गंजाच्या रंगाची, आणि एकालाही डोकं नाही. सगळी कुठे ना कुठे निघाल्यासारखी. पोलंडच्या माग्दालेना आबाकानोविच या शिल्पकर्तीचं हे काम 2006 पासून इथे आहे. जवळ गेल्यावर कळतं की ती आतून पोकळ आहेत आणि अंगावर झाडाच्या सालीसारख्या सुरकुत्या आहेत. एक छोटी मुलगी दोन पायांच्या मधून पळत होती.

या पुतळ्यांचा ब्लूजशी संबंध नाही. पण जागेचा आहे. रूझवेल्ट रोडचं जुनं नाव बारावा रस्ता, आणि इथे शेजारीच इलिनॉय सेंट्रल रेल्वेचं मोठं स्टेशन होतं. साधारण 1916 ते 1970 या काळात अमेरिकेच्या दक्षिणेतून साठेक लाख कृष्णवर्णीय माणसं कापसाची शेतं आणि वर्णभेदाचे कायदे मागे टाकून उत्तरेला आली. मिसिसिपीतून शिकागोला येणाऱ्या कितीतरी जणांनी हातातली पेटी पहिल्यांदा खाली ठेवली ती इथे. स्टेशन 1974 मध्ये पाडलं. आता तिथे गवत आणि रूळ आहेत.

ओटिसही मिसिसिपीचा, फिलाडेल्फिया नावाच्या गावाजवळचा. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस तो बहिणीकडे शिकागोला आला आणि ती त्याला एका क्लबात मडी वॉटर्स या ब्लूज गायक-गिटारवादकाला ऐकायला घेऊन गेली. मिसिसिपीचाच माणूस, गावाकडचाच ब्लूज, पण विजेच्या गिटारवर, भरगच्च क्लबात. ओटिसने त्या रात्री ठरवलं की आपण हेच करायचं. त्या क्लबाचं नाव झँझिबार. तो होता ॲशलंड अव्हेन्यूवर, रूझवेल्ट रोडपासून हाकेच्या अंतरावर.

म्हणूनच बारा नंबरची बस. ती याच रस्त्याने सरळ पश्चिमेला जाते.

बसमध्ये पुढच्या सीटवर बसले. नदीवरचा पूल, मग मोठमोठी दुकानं आणि पार्किंगची मैदानं. हॉल्स्टेडला उतरून मॅक्सवेल स्ट्रीट बघून घेतला. इथे ज्यू फेरीवाल्यांनी सुरू केलेला रविवारचा बाजार भरायचा आणि त्यात ब्लूजवाले शेजारच्या घरातून वायर ओढून ॲम्प्लिफायर लावायचे. विद्यापीठाच्या विस्तारासाठी 1990 च्या दशकात तो उठवला. आता विटांच्या नव्या इमारती आणि स्वच्छ फुटपाथ आहेत. बाजाराची खरी आठवण उरली आहे ती वासाची, तव्यावर परतलेल्या कांद्याची. पोलिश सॉसेज, मोहरी, ढीगभर कांदा आणि वर हिरवी मिरची, उभ्याने खायचं. कांदा आपल्या भजीच्या गाडीवरच्या कांद्याइतकाच काळपट आणि गोड. मिरची त्यांच्या मानाने तिखट.

पुन्हा बस. ॲशलंडला उतरून दहा मिनिटं इकडेतिकडे चालले. झँझिबारची मला कुठे खूण सापडली नाही. कानात मडी वॉटर्स लावून उगाच उभी राहिले, मग मलाच ओशाळल्यासारखं झालं आणि परत थांब्यावर आले.

पुढे डग्लस पार्कची झाडं लागतात आणि रस्त्याचा चेहरा बदलतो. दोन घरं, मग मोकळा प्लॉट, मग एक चर्च, मग पुन्हा मोकळा प्लॉट. एप्रिल 1968 मध्ये मार्टिन ल्यूथर किंगच्या हत्येनंतर वेस्ट साइड पेटली. जळालेलं पुष्कळसं पुन्हा कधी बांधलंच गेलं नाही. जिजू ज्या भागाला "तिकडे" म्हणाले होते तो हा. भर दुपारी मला दिसली ती शाळेच्या गणवेशातली पोरं आणि थांब्यावर पिशव्या घेऊन बसलेल्या दोन आज्या. त्यांच्यातली एक मला म्हणाली, "बेटा, वाट चुकलीस का?" मी म्हटलं, कोब्रा रेकॉर्ड्स शोधतेय, ओटिसची पहिली रेकॉर्ड कंपनी. तिने मान हलवली. सापाचं काही असेल असं वाटलं असावं.

एलाय टॉस्कानो हा टीव्ही दुरुस्त करणारा, रेकॉर्डी विकणारा माणूस. त्याने 1956 मध्ये या रस्त्यावर कोब्रा काढली. पैसे नव्हते, पण विली डिक्सन होता. चेस या शिकागोतल्याच रेकॉर्ड कंपनीवर रुसून तो इकडे आला होता. गाणी लिहायची, वादक जमवायचे, बास स्वतः वाजवायचा. कोब्राची पहिली रेकॉर्ड ओटिसची, तीच 'आय कान्ट क्विट यू बेबी', आणि ती बिलबोर्ड मासिकाच्या आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) यादीत सहाव्या क्रमांकावर गेली. पुढच्या दोन वर्षांत त्याच्या एकूण आठ सिंगल्स, म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक गाण्याच्या छोट्या रेकॉर्डी, निघाल्या. मला विचाराल तर शिकागो ब्लूजची अर्धी दौलत या सोळा बाजूंत आहे. 'डबल ट्रबल' ऐका. 1958 सालचं, मायनर सुरावटीतलं गाणं, सोबतीला आइक टर्नरची गिटार. बेकारी आणि खोटं निघालेलं प्रेम, दोन्ही दुःखं एकाच श्वासात. किंवा 'ऑल युअर लव्ह': सुरुवातीला रुंबासारखी डुलती चाल, मध्येच ठेका उसळून पळायला लागतो आणि पुन्हा मूळ चालीवर येऊन बसतो, तबलजीने लग्गी वाजवून ठेक्यावर यावं तसा.

मॅजिक सॅम हा दुसरा ब्लूज गिटारवादकही कोब्रावरच होता. लुइझियानाहून आलेला गिटारवादक बडी गाय टॉस्कानोच्याच दुसऱ्या लेबलवर, आर्टिस्टिकवर, पहिल्यांदा वाजला. बडी स्वतः सांगतो की 1957 मध्ये शिकागोत उपाशी फिरत असताना तो 708 क्लबात पोचला. त्या रात्री स्टेजवर ओटिस होता आणि त्याने या अनोळखी पोराला वाजवू दिलं. त्याच रात्री मडी वॉटर्सने त्याला सलामी सँडविच खाऊ घातलं. बडीचं पुढे काय झालं ते जगाला माहीत आहे. शिकागोतल्या वाबाश अव्हेन्यूवरच्या त्याच्या क्लबाबाहेर रांग असते.

ओटिसचं मात्र जमत जमत फिसकटत गेलं. 1959 मध्ये कोब्रा बुडाली. मग तो चेसकडे गेला. तिथे 'सो मेनी रोड्स, सो मेनी ट्रेन्स'सारखं गाणं होऊनही कंपनीने त्याची थोडीच गाणी बाहेर काढली. 1962 मध्ये ड्यूक कंपनीने एकच सिंगल काढली. तिकडे 1966 मध्ये लंडनला जॉन मेयॉलच्या बँडमधून तरुण गिटारवादक एरिक क्लॅप्टनने 'ऑल युअर लव्ह' वाजवून नाव कमावलं. 1971 मध्ये ओटिसने सॅन फ्रान्सिस्कोला कॅपिटॉल कंपनीसाठी एक अख्खा अल्बम केला, त्याच्या आयुष्यातला बहुधा सर्वांत चांगला. कंपनीने तो कपाटात ठेवून दिला. पाच वर्षांनी बुलफ्रॉग नावाच्या छोट्या लेबलने तो बाहेर काढला. त्याचं नाव 'राइट प्लेस, राँग टाइम'. हे नाव अल्बममधल्याच एका गाण्याचं आहे. 'डबल ट्रबल' हे गाण्याचं नाव उचलून गिटारवादक स्टीव्ही रे व्हॉनने आपल्या बँडला दिलं, आणि तो बँड स्टेडियमं भरवायचा.

दोष फक्त कंपन्यांचा, असं मी म्हणणार नाही. ओटिस मनस्वी होता. काही रात्री वाद्य हातात असून मन नसायचं, असं त्याला ऐकलेले लोक लिहून गेलेत. आपल्याकडे अशा गवयांबद्दल प्रेमाने बोलतात. तिथल्या बाजारात तेवढी सवड नव्हती.

दुसऱ्या दिवशी 2120 साउथ मिशिगनला गेले. चेसची जुनी इमारत, आता विली डिक्सनच्या नावाच्या संस्थेकडे. वरच्या मजल्यावरचा स्टुडिओ अपेक्षेपेक्षा लहान, आमच्या मिरजेच्या वाड्याच्या माडीएवढा. माझ्यासोबतच्या सगळ्यांना 1964 मध्ये रोलिंग स्टोन्स कुठे उभे राहिले तेवढंच हवं होतं. मी ओटिसबद्दल विचारल्यावर गाइड थबकला, मग हसला आणि म्हणाला, "लेफ्टी!" आणि हवेत तार खाली ओढून दाखवली.

संध्याकाळी मिलेनियम पार्कात ब्लूज फेस्टिव्हल होता. फुकट. लोक घडीच्या खुर्च्या आणि डबे घेऊन येतात, आपल्या सवाई गंधर्वला येतात तसेच, फक्त शालींऐवजी टोप्या. 2016 साली याच फेस्टिव्हलमध्ये ओटिसचा सत्कार झाला. त्याआधी 1999 मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं होतं, पण 2003 च्या पक्षाघातानंतर वाजवणं बंद झालं होतं. तो व्हीलचेअरवर आला आणि महापौरांनी 12 जून हा ओटिस रश दिवस जाहीर केला. 29 सप्टेंबर 2018 ला तो गेला. मी बसले होते तेव्हा स्टेजवरच्या एका पोराने 'ऑल युअर लव्ह' धरलं. उजव्या हाताचा होता, तारा वर ढकलत होता. छान वाजवलं. तरी शेजारचे पांढऱ्या दाढीचे गृहस्थ माझ्याकडे वळून म्हणाले, "ओटिस हा सूर जरा उशिरा सोडायचा." मी म्हटलं, हो. आणि आम्ही दोघं उगाच खूश झालो.

निघायच्या आदल्या दिवशी जुन्या रेकॉर्डींच्या एका दुकानात 'राइट प्लेस, राँग टाइम'ची एलपी मिळाली. कोपरे झिजलेले, आत कुणीतरी पेन्सिलीने गाण्यांपुढे फुल्या मारलेल्या. ताईने ती दोन साड्यांच्या मध्ये ठेवून बॅग भरली.

"वाजवणार कशावर?" तिने विचारलं.

बाबांचा जुना रेकॉर्ड प्लेअर मिरजेच्या माडीवर आहे. मोटर फिरते, पट्टाही नवा घातला. सुई मात्र गेली आहे, आणि सांगली-मिरजेत चार दुकानं पालथी घालूनही अजून मिळालेली नाही.