रिचर्ड प्रायर परत परत का बघावासा वाटतो

स्टँडअपवाल्यांमध्ये मला सगळ्यात जास्त कोण भिडतो तर अमेरिकेतला कृष्णवर्णीय विनोदवीर रिचर्ड प्रायर. १९४० साली अमेरिकेतल्या पिओरिया शहरात जन्म, आजीच्या कुंटणखान्यात लहानाचा मोठा झाला, आणि सुरुवातीला काय तर टीव्हीला चालेल असे गुळगुळीत विनोद करायचा. १९६७ मध्ये लास वेगासला चालू शो सोडून सरळ स्टेजवरून निघून गेला, आणि मग हळूहळू जे बाहेर आलं ते शिव्यांसकट, वंशभेदासकट, स्वतःच्या घाणीसकट. १९७७ ला एनबीसी या अमेरिकी टीव्ही वाहिनीने त्याला शो दिला पण सेन्सॉरशी इतकी भांडणं झाली की चार एपिसोडमध्ये कारभार आटोपला.

१९७९ च्या कॉन्सर्ट फिल्ममधला हार्ट अटॅकचा भाग बघाच. छातीवर मूठ आवळतो, त्याचं हृदयच त्याला दमदाटी करतं, एकेका गुडघ्यावर आणतं आणि शेवटी तो स्टेजवर आडवा, लोक हसून हसून बेजार आणि आपल्याला मात्र भीतीही वाटत असते.

त्याच वर्षी केनियाला जाऊन आल्यावर कृष्णवर्णीयांसाठीची ती शिवी त्याने कायमची सोडली, ज्या शब्दावर नाव कमावलं तोच टाकायचा, याला खरंच हिंमत लागते. १९८० मध्ये ड्रग्जच्या नादात स्वतःला पेटवून घेतलं, वाचला, आणि त्यावरही स्टेजवर बोलला.

बायकोच्या गाडीवर गोळ्या झाडल्या होत्या, तेही त्याने सांगितलं, पण सांगितलं म्हणून ते माफ होत नाही. सिनेमे बरेच केले, विनोदी नट जीन वाइल्डरबरोबरचे मस्तच, पण बाकीच्या बऱ्याच सिनेमांत तो वाया गेला असंच मला वाटतं.