डनिच, आणि आईच्या माहेरची विहीर

आईचं माहेर पाण्यात आहे. हिडकलच्या. मी चार-पाच वर्षांची असताना गाव उठलं. घटप्रभेवरचं ते धरण १९७७ साली पूर्ण झालं. त्यानंतर आजोळ म्हणून मी सुट्टीत जायचे ते नव्या वसाहतीतल्या पत्र्याच्या घरात. जुन्या गावातली एकच गोष्ट मला आठवते, विहिरीची ओली पायरी. अनवाणी पायाला लागलेला तिचा गारवा. बाकीचं सगळं गाव आईच्या डोक्यात आहे.

हे आधी सांगितलं, कारण ऑगस्टमध्ये लेकीकडे इंग्लंडला गेले होते तेव्हा तिथल्या एका लहानशा गावात मला सारखी ती पायरी आठवत होती.

लेक इप्सविचला नर्स आहे. तिला दोन दिवस सुट्टी मिळाली तेव्हा म्हणाली, "आई, लंडन झालं. आता काय बघायचंय तुला?" मी म्हटलं, समुद्र दाखव, पण गर्दीचा नको. भूगोल शिकवण्यात माझी सत्तावीस वर्षं गेली. लाटा कडा कशा पोखरतात त्याची आकृती मी फळ्यावर किती वेळा काढली असेल, पण कडा कोसळलेला किनारा कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता. आपला समुद्र म्हणजे वेंगुर्ला नाहीतर गोवा, आणि तिथला खडक काळा आणि दणकट. ती थोडा विचार करून म्हणाली, "मग डनिचला जाऊ."

इप्सविचहून उत्तरेला गाडीनं तासाभराची वाट. मोठा रस्ता सोडला की दोन्ही बाजूंनी झुडपांचं कुंपण असलेल्या अरुंद वाटा लागतात, मग पाइनची झाडं, आणि एकदम गाव. आणि ते लगेच संपतंही. विटांच्या घरांचा एक रस्ता, एक पब, एक चर्च, एक म्युझियम. समुद्राला लागून गाड्या उभ्या करायची मोकळी जागा आणि मासे-बटाटे तळून देणारं एक हॉटेल. सगळी वस्ती दोनशेच्या आत.

तेराव्या शतकात हे इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मोठ्या बंदरांपैकी एक होतं.

१०८६ साली राजा विल्यमनं सगळ्या राज्याची मोजदाद करवली, त्यात डनिचची नोंद आहे. तेव्हाच लोकसंख्या तीन हजारांच्या घरात होती, तीन चर्च होती, आणि राजाला दरसाल पैशांबरोबर ६८,००० हेरिंग मासे द्यावे लागत. हा आकडा मी वहीत लिहून घेतला. आपल्याकडच्या जुन्या दप्तरांत भाताचे मण आणि गुळाच्या ढेपा असतात, तसे तिथं मासे. त्याच नोंदीत आणखी एक ओळ आहे: वीस वर्षांपूर्वी जी शेतजमीन होती, तिच्यातली निम्मी समुद्रानं नेली. म्हणजे शहर भरभराटीला यायच्या आधीपासून समुद्र कुरतडत होता, आणि हे सगळ्यांना ठाऊक असूनही लोक तिथंच राहिले, घरं बांधत गेले, चर्च बांधत गेले. ११९९ साली जॉन राजानं शहराला सनद दिली. आपल्या बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे तिथलं जैन मंदिर, १२०४ची. दोन्हीकडचे पाथरवट एकाच काळात छिन्नी चालवत होते, हे मनात आलं आणि डनिच मला एकदम ओळखीचं वाटायला लागलं.

फरक दगडाचा होता. सफोक परगण्यात बांधकामाजोगा चांगला दगडच नाही. आपल्याकडे काळा पाषाण आहे, जांभा आहे. तिथं वाळू आणि गारगोट्या. म्हणून चर्च, मठ, सगळं चुन्यात गारगोट्या बसवून बांधलेलं. गावाबाहेर फ्रान्सिस्कन साधूंच्या मठाच्या भिंती अजून उभ्या आहेत, त्यांना ग्रेफ्रायर्स म्हणतात. पहिला मठ समुद्राच्या जवळ होता. वादळानंतर साधूंनी तो सोडला आणि १२९०च्या सुमारास आत सरकून हा नवा बांधला. १५३८ साली आठव्या हेन्रीच्या काळात तोही बंद झाला. मी त्या भिंतीवर हात ठेवून बराच वेळ उभी होते. गारगोट्या गुळगुळीत, उन्हानं कोमट झालेल्या. पलीकडे गवतात मेंढरं चरत होती.

आता वादळाबद्दल. उत्तर समुद्राचा आकार नरसाळ्यासारखा आहे, वर रुंद आणि खाली दक्षिणेला चिंचोळा. उत्तरेकडून जोराचा वारा सुटला की पाणी खाली रेटलं जातं, अडचणीत सापडतं आणि चढतं. त्यात भरतीची वेळ साधली तर मग कड्याचं काही खरं नसतं. डनिचचा कडा वाळूचा आणि बारीक खड्यांचा, बोटानं उकरला तरी सुटतो. लाट पायथा खाते आणि वरचा भाग आपल्याच भारानं खाली येतो. फळ्यावर मी जे चार आकृत्यांत दाखवायचे ते तिथं एका नजरेत दिसतं. वर्षानुवर्षं काही होत नाही, आणि मग एका रात्रीत कित्येक हात जमीन जाते.

१२८६च्या जानेवारीत असंच एक वादळ आलं आणि शहराचा मोठा भाग घेऊन गेलं. पण माझ्या मते डनिच त्या दिवशी मेलं नाही. ते मेलं १३२८ साली, बंदर बुजलं तेव्हा. किनाऱ्यानं वाहत येणारे खडे नदीच्या मुखाशी साचत होतेच, त्या वादळानं तोंड पुरतं बंद केलं. नदीनं उत्तरेकडे दुसरी वाट काढली आणि जहाजं तिकडं गेली. घरं पडली तर माणूस पुन्हा बांधतो, धंदा गेला की कशासाठी बांधायचं? आपल्याकडेही बाजार हलला की पेठ कशी उजाड होते ते आपण पाहिलंय.

पुढं पाचशे वर्षं ते शहर तुकड्यातुकड्यानं जात राहिलं. पार्लमेंटमध्ये मात्र त्याचे दोन खासदार बसत होते, थेट १८३२पर्यंत. शेवटी मतदानाचा हक्क जेमतेम ३२ जणांना उरला होता आणि मतदारसंघाचं बरंचसं शहर पाण्याखाली होतं. त्या वर्षीच्या सुधारणा कायद्यानं ते संपलं.

जुन्या चर्चपैकी शेवटचं ऑल सेंट्स. १९०४ साली कडा त्याच्यापर्यंत पोचला आणि मग एकेक खण खाली जाऊ लागला. १९१९मध्ये मनोऱ्याचा मोठा भाग कोसळला. शेजारच्या कबरस्तानातली हाडं कड्यातून बाहेर डोकवायची. लोकांनी त्या चर्चचा एक आधारखांब उचलून आतल्या नव्या सेंट जेम्स चर्चच्या आवारात आणून उभा केला. तो मी पाहिला. गवतात एकटाच उभा आहे, कशालाही आधार न देता. त्याच आवारात कुष्ठरोग्यांच्या जुन्या इस्पितळाच्या चॅपेलची अर्धगोल भिंतही आहे. रोग्यांना गावाबाहेर ठेवायचे म्हणून ती वाचली. ज्यांना शहरानं लांब लोटलं त्यांचं देऊळ राहिलं आणि शहर गेलं, हे वाचताना मला भरून आलं.

म्युझियम म्हणजे दोन-तीन खोल्या. मध्ये जुन्या शहराचा छोटा नमुना मांडलाय: रस्ते, चर्च, बंदर. तिथं बसलेल्या वयस्क बाईंनी बोट फिरवून दाखवलं की आजचा किनारा इथून जातो. त्या बोटाच्या उजवीकडचं जवळजवळ सगळं शहर आता समुद्रात होतं. साउदम्प्टन विद्यापीठाच्या लोकांनी ध्वनिलहरी सोडून तळाचा नकाशा काढलाय, कारण पाणी इतकं गढूळ की पाणबुड्याला हातभरावरचं दिसत नाही. तळाशी चर्चचे ढिगारे सापडले, आणि जुन्या नकाशांवर त्यांच्या जागा जुळल्या.

वादळी रात्री पाण्याखालून घंटा ऐकू येतात असं तिथले लोक सांगतात. बाईंनी ते सांगितलं आणि मी लेकीकडे बघितलं, लेकीनं माझ्याकडे. आमच्या आजीनं नेमकं हेच सांगितलं होतं. तिचं म्हणणं, काकड आरतीच्या वेळी धरणाच्या काठावर गेलं की टाळ ऐकू येतात.

दुपारी गावाच्या दक्षिणेला माळावर गेलो. डनिच हीथ. सगळा माळ जांभळ्या फुलांनी भरलेला, मधूनमधून काटेरी झुडपांचा पिवळा. पावसाळा सरताना जांबोटीकडच्या सड्यांवर फुलं येतात तशी दाटी, फक्त इथं पायाखाली वाळू आणि वाऱ्याला खारट वास. वाळूत मला नरसाळ्यासारखे छोटे खड्डे दिसले आणि मी खालीच बसले. आमच्या शहापूरच्या घराच्या पागोळीखाली कोरड्या मातीत असेच खड्डे असायचे. तळाशी किडा लपून मुंगीची वाट बघायचा आणि आम्ही गवताची काडी फिरवून त्याला फसवायचो. इंग्लंडमध्ये हा किडा जवळजवळ याच पट्ट्यात आढळतो, असं लेकीनं फोनवर बघून सांगितलं. मी काडी फिरवली. वाळू उडाली.

माळ संपतो तिथून खाली मिन्समिअरचं पक्षी अभयारण्य दिसतं, पाणथळ आणि बोरूचं रान. ही जमीन आधी कुरणाची होती. दुसऱ्या महायुद्धात जर्मन फौजा किनाऱ्यावर उतरू नयेत म्हणून मुद्दाम पाणी सोडून बुडवली. युद्ध संपलं, आणि १९४७ साली तिथं ॲव्होसेट पक्ष्यांनी घरटी केली. काळा-पांढरा, लांब पायांचा, टोकाला वर वळलेल्या चोचीचा हा पक्षी शंभर वर्षं इंग्लंडमध्ये घरटं करत नव्हता. बुडवलेल्या जमिनीनं त्याला परत आणलं. हिडकलच्या फुगवट्यावर हिवाळ्यात पक्षी येतात तेव्हा आई त्यांच्याकडे बघायलाही तयार नसते. तिला त्या पाण्यात फक्त शेत दिसतं. मी तिला कधी दोष दिला नाही, पण मिन्समिअरच्या काठावर मला पहिल्यांदा दोन्ही एकत्र बघता आलं, शेतही आणि पक्षीही. दक्षिणेला साइजवेल अणुवीज केंद्राचा पांढरा घुमट होता. झिजणाऱ्या किनाऱ्यावर तो बघून मन जरा अस्वस्थ झालं.

परतताना गाडीत लेक म्हणाली, "आज्जीचं गाव केवढं होतं गं?"

मला सांगता आलं नाही. किती उंबरे, किती गल्ल्या, देवळं कुठं, गायरान कुणीकडं. दोनशे माणसांच्या डनिचला हजार वर्षांपूर्वीच्या माशांचा हिशेब ठाऊक होता आणि मला माझ्या आईच्या गावातली घरं ठाऊक नव्हती. भूगोल शिकवत होते मी.

बेळगावला परतल्यावर तिसऱ्या दिवशी आईकडे गेले. ती परसदारी शेंगा निवडत बसली होती. पंच्याहत्तरीची आहे, चष्म्याशिवाय निवडते. मी सुपातल्या मूठभर शेंगा तिच्यापुढं ठेवल्या आणि म्हटलं, "आई, गाव मांडून दाखव."

"कसलं गाव?"

"तुझं. जुनं."

ती माझ्याकडे बघत राहिली. "आता कशाला गं पोरी?" म्हणाली, पण हात चालू झाला होता. पहिल्यांदा तिनं एक मोठी तीनदाणी शेंग ठेवली. हे विठोबाचं देऊळ. (हुन्नूरचं विठ्ठल मंदिर उन्हाळ्यात धरण उतरलं की पाण्यातून वर येतं, ते बघायला लांबून लोक येतात. आईच्या गावचं देऊळ लहान होतं, तिथं आता चौथऱ्यापलीकडं काही नाही.) मग देवळासमोरचा कट्टा. मग गल्ली, एकेक शेंग एकेक घर, आणि प्रत्येक शेंगेला नाव. कुणाच्या घरी कानडी बोलायचे, कुणाच्या घरी मराठी, कुणाच्या दोन्ही. कुणाच्या दारात चिंच होती. कुणाची म्हैस मारकी. गल्लीच्या टोकाला एक जागा तिनं रिकामी सोडली. विचारलं तर म्हणाली, "तिथं घर नव्हतंच. तिथं आम्ही खेळायचो."

बावन्न शेंगा झाल्या. मी वहीत उतरवत होते, मध्येच मोबाइलवर फोटो काढत होते. मग विहिरीची वेळ आली. आईनं ती देवळाच्या डाव्या अंगाला ठेवली. मला माझी पायरी आठवली, पण ती कुठल्या अंगाला होती ते काही आठवेना. मी मामाला फोन लावला आणि आवाज मोठा करून आईसमोर धरला.

"डावीकडं? काय बोलालीस गं आक्का!" मामा म्हणाला. "विहीर उजवीकडं. चिंचेखाली. मी पडलो होतो की त्यात."

"तू पडलास ती शेतातली विहीर."

"गावातली."

"तुला दोरानं वर काढलं ते कुणी? बाबांनी. आणि बाबा त्या वक्ताला कुठं होते? शेतात."

मामा गप्प झाला. मग म्हणाला, "मे महिन्यात पाणी उतरू दे. जाऊन बघू. कडेचे दगड तरी असतील."

आईनं ती शेंग उचलली, जरा वेळ हातात धरली, आणि देवळाच्या डाव्या अंगाला होती तिथंच परत ठेवली.