पावसाळ्यात ऑफिसच्या प्रिंटरवर सन्मानपत्रं

आमच्या पतसंस्थेत दर जुलैत सभासदांच्या गुणवंत मुलांचा सत्कार असतो. यंदा सन्मानपत्रं ऑफिसच्या लेझर प्रिंटरवरच काढायची ठरलं आणि काम माझ्याकडे आलं. मालवणच्या पावसात साधा ७५ जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ७५ ग्रॅम वजनाचा) कागदही रात्रभर ट्रेमध्ये राहिला तर सकाळी त्याच्या कडा लहरतात. त्यामुळे कागद निवडणं जितकं महत्त्वाचं, तितकंच तो कोरडा ठेवणंही.

आधी प्रिंटरची पुस्तिका काढली. मुख्य ट्रेला १६३ जीएसएमपर्यंत, मॅन्युअल फीडला, म्हणजे हाताने एकेक कागद घालायच्या जागेला, २२०. म्हणजे हातात घेताच भारदस्त वाटणारं ३०० जीएसएमचं कार्ड बाद.

कुडाळच्या दुकानात चकचकीत फोटो पेपर पुढे आला, पण तो इंकजेटसाठीचा. लेझर प्रिंटरचा फ्यूझर टोनर, म्हणजे छपाईची पूड, वितळवून कागदावर बसवतो, त्यासाठी २०० अंशांच्या आसपास तापतो. त्यात इंकजेटचा थर वितळून रोलरला चिकटतो. सोनेरी किनारीचे तयार नमुनेही याच भीतीने ठेवून दिले. लिननसारखा खरखरीत कागद फार देखणा होता, पण त्याच्या खाचांत टोनर नीट बसत नाही. पोरांनी वर्षभर मेहनत केलेली, त्यांचं नाव ठसठशीतच उमटायला हवं. शेवटी २०० जीएसएमचं, कोटिंग नसलेलं गुळगुळीत कार्ड घेतलं.

कार्ड मोठ्या शीटमधून ए-४ मध्ये कापून घ्यायचं होतं, म्हणून धाग्याची दिशा, म्हणजे कागदातले तंतू कुठल्या बाजूने जातात ते, बघितली. एक तुकडा दोन्ही बाजूंनी दुमडला: एकीकडे घडी सरळ पडली, दुसरीकडे फाटल्यासारखी तडकली. सरळ घडीची दिशा ती धाग्याची. जाड कार्ड रोलरभोवती सहज वळायला हवं, म्हणून धागा ए-४ च्या आखूड बाजूला समांतर ठेवून कापायला सांगितलं. दुकानदारांनी गठ्ठा प्लास्टिकमध्ये घट्ट बांधला आणि बजावलं, "मॅडम, छापूच्या आधी कव्हर फोडू नकात. हवा लागली काय कार्ड वाकडा होतला."

गठ्ठा एसीच्या केबिनमध्ये, जमिनीपासून वर, आडवा ठेवला. प्रिंटरही तिथेच हलवला. ओल्या कागदातल्या पाण्याची फ्यूझरमध्ये वाफ होते, मग कार्ड वळतं आणि टोनर धरत नाही.

छापायच्या दिवशी लागतील तेवढीच कार्डं काढली, कडा फडफडवून मोकळी केली आणि एकेक करून घातली. प्रिंटरचं मागचं झाकण उघडं ठेवलं, म्हणजे कार्ड न वळता सरळ बाहेर येतं. सेटिंग 'थिक'वर, त्यात कागद सावकाश जातो आणि टोनरला पुरेशी उष्णता मिळते. पहिलं कार्ड थंड झाल्यावर नावावर नखाने घासून पाहिलं. अक्षर हललं नाही, तेव्हा पुढची सगळी काढली आणि गार होईपर्यंत जाड खातेवहीखाली दाबून ठेवली.

उरलेली कार्डं सिलिका जेलच्या पुड्यांसकट पुन्हा बंद केली आणि प्रिंटरची सेटिंग 'प्लेन'वर आणली. उद्याच्या पावत्या साध्या कागदावरच निघणार.