तुम्ही विचारलंत म्हणून: खांब कुजतो कुठे?

गणपतीत आरतीनंतर प्रसाद घेताना कोणीतरी हमखास विचारतं, “काकू, तुमच्या सांवेरच्या शेताचे लाकडी खांब अजून उभे कसे? आम्हाला घ्यायचेत, कुठले घेऊ?” इंदूरच्या आपल्या बऱ्याच मंडळींनी सांवेर, देपालपूर, महूकडे दोन-चार बिघे घेतलेत. पहिल्याच सोयाबीनमध्ये नीलगाई शिरल्या की कुंपणाचा विषय निघतो. उभ्याउभ्या सांगून होण्यासारखं नाही, म्हणून नीट लिहितेय.

आमचे पहिले खांब उभे राहिले नव्हते. “औषध भरलेले आहेत, काळजी नको,” असं सांगून एका व्यापाऱ्याने ते दिले होते. छान हिरवे दिसायचे. तिसऱ्या पावसाळ्यात गेटाजवळच्या खांबाला म्हशीने अंग घासलं आणि तो आडवा झाला. वरचा भाग ठणठणीत होता. सालदाराने पहारीने खालचं टोक उकरून काढलं, तर तेही बऱ्यापैकी शाबूत. गेली होती ती मधली, जमिनीलगतची चार बोटं. तिथलं लाकूड बोटाने दाबलं की ओल्या भुशासारखं निघत होतं, आणि त्यावरचा हिरवा रंग मात्र जसाच्या तसा. वरचा तुकडा करवतीने आडवा कापला तेव्हा उलगडा झाला. औषधाची हिरवट कड नखाच्या जाडीचीही नव्हती. लाकूड नुसतं बुचकळून काढलेलं होतं.

बुरशीला ओल लागते तशी हवाही लागते. जमिनीच्या वर खांब वाळत राहतो, खोल मातीत हवा कमी मिळते. दोन्ही भरपूर मिळतात ते जमिनीलगतच्या त्याच चार बोटांत. वाळवीही बहुधा तिथूनच चढते. म्हणून खांब घेताना माझा एकच प्रश्न असतो: या जागी औषध किती आत गेलंय? तो विक्रेत्याला तोंडी विचारून भागत नाही. ढिगातला एक खांब आपल्या पसंतीने काढायचा, त्याचे पैसे द्यायचे आणि मधोमध कापून घ्यायचा. जो कापू देत नाही, त्याच्याकडून घेऊ नये.

कापल्यावर काय बघायचं? झाडाचं बाहेरचं फिकट लाकूड औषध पितं, गाभा सहसा पीत नाही. सागवानाचा गाभा मुळात टिकाऊ असतो, पण कोवळ्या सागाच्या वाशात गाभा असतोच किती! नीलगिरीचा गोल खांब चालतो तो यामुळेच, की फिकट लाकडाचं कडं चहूबाजूंनी शाबूत राहतं आणि त्यात औषध भरता येतं. तोच चिरून चौकोनी केला की गाभा उघडा पडतो. दिसायला सुबक असला, तरी जमिनीत रोवायला मी तो घेणार नाही. कापावर बाहेरचं कडं पूर्ण हिरवट दिसलं पाहिजे, कुठेही खंड नको.

दुसरं, लाकूड औषधाआधी सोलून वाळवलेलं हवं. ओल्या लाकडात पाण्याने जागा अडवलेली असते, औषध शिरणार कुठे? शिवाय वाळताना पडायच्या भेगा आधीच पडून गेल्या, तर औषध त्या भेगांतही जातं. ओल्या खांबाला भेगा नंतर पडतात आणि बुरशीला थेट आत वाट मिळते. खरं काम बंद पोलादी टाकीत होतं. आधी लाकडातली हवा ओढून काढतात, मग दाबाने औषध भरतात. बिलावर औषधाचं नाव, घनमीटरमागे किती किलो भरलं आणि ‘जमिनीत रोवण्यासाठी’ हे शब्द लिहून घ्या.

हे हिरवट औषध म्हणजे तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक, म्हणजे आपलं मोरचूद आणि सोमल यांच्या घराण्यातलं. तांबं बुरशीला आवरतं, आर्सेनिक वाळवीला, आणि क्रोमियम त्या दोघांना लाकडात धरून ठेवतं. ते १९३३ मध्ये देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेशम यांनी शोधलं आणि पुढे जगभर वापरलं गेलं. मला याचा फार अभिमान वाटतो, आणि आपल्याकडे हे कोणाला ठाऊक नसतं याचं वाईटही वाटतं.

खांबाचं टोक जळक्या ऑइलमध्ये बुडवणं किंवा आगीवर काळं करणं, हे दोन्ही आम्ही करून पाहिलंय. ऑइल वरच्यावर राहतं आणि कोळशाच्या थराला भेगा पडतात. त्यात पैसे नाही तरी दिवस वाया जातात.

आता आपली काळी माती. पावसात फुगते, मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि सिमेंटचा खांब असो की लाकडाचा, ती त्याला हलवतेच. आमचे खांब आठ फुटी आहेत, अडीच फूट जमिनीत. भोवती काँक्रीट ओतलं नाही, कारण लाकूड आणि काँक्रीट यांच्यामधल्या फटीत पाणी साचतं. मुरूम थराथराने टाकून पहारीने ठोकला आणि वर मातीला बाहेरच्या बाजूने उतार दिला. कोपऱ्यांवर जाड खांब आणि तिरपे टेकू घातले, कारण तारेचा सगळा ताण तिथे येतो. खांब लांब पडला तर माणसं खालून कापतात, तेवढं करू नका. कापलेलं तोंड म्हणजे औषध नसलेला गाभा. वरून कापा, आणि त्या तोंडालाही औषध लावा.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते. खांब रोवायचं काम चालू होतं तेव्हा मजुरांनी दुपारी बाट्या भाजायला गोवऱ्या पेटवल्या आणि वर खांबांचे हिरवे तुकडे टाकले. मी धावत जाऊन ते ओढून काढले. जळल्यावरही आर्सेनिक नाहीसं होत नाही, धुरात आणि राखेत उतरतं. ती राख गुरं चाटतात आणि मरतात. आपल्याकडे तर राखेने भांडीही घासतात. म्हणून तुकडे मोजून गोळा करा, पोत्यात बांधून कुलपात ठेवा, आणि गव्हाणीला किंवा पाण्याच्या हौदाला हे लाकूड कधीच वापरू नका.

तो पहिला कापलेला तुकडा आणि नंतरच्या चांगल्या खांबाची चकती, दोन्ही मी शेतावरच्या खोलीत जपून ठेवलेत. खांब घ्यायला निघाल त्या दिवशी आधी सांवेरला या आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहा.